नैवेद्याचं मटण आणि शेजारी बसलेला नवा भाऊ: करिंथ मंडळीची केस

ख्रिस्ती माणसाला काय चालतं आणि काय नाही ह्यावर आपल्याकडे वाद निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, आता आम्हाला कोणी नियम शिकवू नयेत. दुसरी म्हणते ते ठीक आहे पण त्याने दुसऱ्याचं अडखळण होतं, म्हणजे त्याचा विश्वास ढळतो, त्याचं काय. गणपतीचा प्रसाद, लग्नातली दारू, टिकली, मंगळसूत्र, ऑफिसातली सत्यनारायणाची पूजा, विषय कुठलाही असो, दोन्हीकडचे लोक शेवटी पौलाचंच (पहिल्या शतकातला प्रेषित, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत) वचन काढतात आणि बहुतेक वेळा ते पहिल्या करिंथकरांसच्या, म्हणजे त्याने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या, ८ ते १० ह्या अध्यायांतलंच असतं. गंमत म्हणजे ते अध्याय मुळात एकाच भांडणाबद्दल लिहिलेत, एका शहरातल्या एका मंडळीचं (म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचं), खाण्यावरून झालेलं. ते भांडण काय होतं, कोण कुठल्या बाजूला होतं आणि निकाल काय लागला हे नीट न बघता आपण त्यातली एकेक ओळ उचलून एकमेकांना मारतो, आणि माझ्या मते बऱ्याचदा ती उलटीच मारतो. म्हणून इथे ती केस पूर्ण मांडतोय.

आधी शहर. जुनं ग्रीक करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये पार उद्ध्वस्त केलं होतं आणि जवळजवळ शंभर वर्षं ते तसंच पडून होतं. मग इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं आणि तिथे पाठवलेल्या लोकांत गुलामगिरीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. म्हणजे खानदानी लोकांपेक्षा नव्याने वर आलेल्यांचं शहर. दोन बाजूंना दोन बंदरं, एक लेखियम आणि दुसरं किंख्रिया, मधल्या चिंचोळ्या जमिनीवरून माल इकडून तिकडे, सगळा व्यापाराचा पैसा. जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी पोसायडन देवाच्या नावाने खेळ भरायचे आणि तेव्हा तर बाहेरगावच्या लोकांची नुसती झुंबड. अशा गावात कोण कोणाला ओळखतो, कोणाच्या पंगतीला कोण बसतो ह्यावर माणसाचं सगळं अवलंबून असतं, आणि हे लक्षात ठेवा कारण भांडणाचं अर्धं मूळ इथेच आहे.

पौल इथे दीड वर्ष राहिला. ज्याच्यासमोर त्याला आरोपी म्हणून उभं केलं गेलं तो गल्लियो हा रोमन अधिकारी तेव्हा अखया प्रांताचा (करिंथ ज्यात होतं त्या) प्रमुख होता आणि डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे त्याचा काळ साधारण इ.स. ५१-५२ असा पक्का धरता येतो, म्हणून पौलाच्या आयुष्यातली ही सगळ्यात खात्रीने सांगता येणारी तारीख. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ह्या जोडप्याबरोबर तो तंबू शिवायचं काम करायचा. मग तो निघून गेला आणि काही वर्षांनी इफिसमध्ये असताना त्याला करिंथहून बातम्या आल्या, काही ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी तोंडी सांगितल्या आणि काही प्रश्न मंडळीनेच पत्रात लिहून पाठवले. त्यातला एक प्रश्न असा की मूर्तीला नैवेद्य म्हणून दाखवलेलं मांस ख्रिस्ती माणसाने खावं का?

आपल्याला हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो पण तिथली व्यवस्था समजली की कळतं तो किती गुंतागुंतीचा होता. मंदिरात प्राण्याचा बळी दिला की थोडा भाग वेदीवर जाळायचे, थोडा पुजाऱ्याचा आणि उरलेलं बळी देणाऱ्यांनी तिथेच बसून खायचं, आणि त्यातूनही उरलं तर ते बाजारात विक्रीला जायचं. त्यामुळे बाजारात टांगलेलं मांस मंदिरातून आलंय की नाही हे घेणाऱ्याला कळेलच असं नाही. मंदिरंसुद्धा फक्त पूजेची जागा नव्हती, ते आजच्या भाषेत मंगल कार्यालय पण होतं. करिंथच्या उत्खननात अस्क्लेपियस ह्या आरोग्याच्या देवाच्या आवाराला लागूनच जेवणाच्या ३ खोल्या सापडल्यात, प्रत्येकीत भिंतीकडेने ११ जणांनी आडवं रेलून जेवायची सोय. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली दुसऱ्या शतकातली आमंत्रणं मिळाली आहेत, त्यातलं एक साधारण असं की खैरेमोन तुम्हाला सेरापिस देवाच्या पंगतीला बोलावतो, उद्या १५ तारखेला, नवव्या तासापासून, सेरापिसच्या मंदिरात. बास एवढंच. मुलाचा वाढदिवस, लग्न, धंद्यातल्या लोकांची बैठक, अशी जेवणं देवळात व्हायची आणि यजमान म्हणून देवाचं नाव असायचं. अशा आमंत्रणाला नाही म्हणणं म्हणजे नुसतं एक जेवण सोडणं नव्हतं, नातेवाईक नाराज, गिऱ्हाईक गेलं, मोठ्या माणसाची ओळख तुटली.

आता मंडळीतली पहिली बाजू. पौल त्यांना थेट नाव देत नाही पण त्यांची वाक्यं तो पत्रात उचलून ठेवतो, म्हणजे निदान बहुतेक अभ्यासक ती त्यांचीच वाक्यं मानतात. आम्हा सगळ्यांना ज्ञान आहे. मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही. देव एकच आहे. अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. सगळ्या गोष्टींची मोकळीक आहे. आणि खरं सांगायचं तर ह्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, उलट हे सगळं ते पौलाकडूनच शिकले असणार. त्यांचं लॉजिक सरळ होतं, अपोलो हा ग्रीक देव नाहीच तर अपोलोला दाखवलेलं मांस म्हणजे नुसतं मांस, मग ते बाजारातून आणून घरी खाल्लं काय आणि देवळाच्या हॉलमध्ये मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाला खाल्लं काय, फरक काय पडतो? गेर्ड टाइसेन ह्या जर्मन अभ्यासकाने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की ही बाजू बहुतेक करून मंडळीतल्या पैसेवाल्या, चार लोकांत उठबस असलेल्या माणसांची असावी. करिंथच्या मंडळीत अशी माणसं थोडी होती (पौलच म्हणतो तुमच्यात कुलीन फार नाहीत) पण होती, एरास्त नावाचा शहराचा खजिनदार तिथला होता हे रोमकरांस पत्रात येतं. देवळातल्या पंगतीची आमंत्रणं ह्यांनाच यायची, मजुराला कोण बोलावणार?

दुसरी बाजू तो दुबळे म्हणतो. इथे जरा थांबायला पाहिजे कारण माझ्या मते आपल्या चर्चमध्ये जी सगळी गडबड होते ती इथेच होते. हे दुबळे लोक कोण होते? आपण ऐकतो ते चित्र असं असतं की कोणीतरी कडक स्वभावाचा जुना विश्वासी, कपाळावर आठ्या, ह्याला दुसऱ्याचं खाणं-पिणं-कपडे बघून राग येतो आणि तो म्हणतो माझं अडखळण झालं. पत्रात तसं नाहीच आहे! आठव्या अध्यायात पौल सांगतो की काहींना आतापर्यंत मूर्तीची सवय होती, म्हणून ते मांस खाताना त्यांच्या मनात ते अजून देवाचंच असतं आणि त्यांची विवेकबुद्धी मळते. म्हणजे हे काल-परवा आलेले लोक. लहानपणापासून ज्या देवाची भीती मनात बसलीय, ज्याच्या नावाने नवस केलेत, ज्याच्या कोपाने घरात कोणी दगावलं असं आईने सांगितलंय, तो देव डोक्यातून गेला तरी पोटातून लगेच जात नाही. त्यात गरीब माणूस रोज भाकरी, लापशी, ऑलिव्ह, जमलं तर मासे खाणार, मांस त्याला मिळायचं ते सणाला, देवाच्या नावाने वाटलं जायचं तेव्हाच. म्हणून टाइसेन म्हणतो त्याच्यासाठी मांस आणि देव ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच, श्रीमंताच्या ताटात मांस एरवीही असायचं म्हणून त्याला वेगळं करणं सोपं गेलं. मला हे फार पटतं, कारण ज्ञान जास्त आणि कमी एवढाच हा विषय नव्हता, कोणाच्या आयुष्यात काय घडून गेलंय त्याचा होता.

आणि ह्या दुबळ्याचं नुकसान नक्की कसं होतं तेही पौल अगदी स्पष्ट सांगतो. तो रागावतो, त्याला वाईट वाटतं, असं नाही. तो तुम्हाला देवळाच्या पंगतीत बसलेलं बघतो आणि विचार करतो की अरे हा तर एवढा जाणता, हा बसतो तर मीही बसायला हरकत नाही. तो तुमची कॉपी करतो. तुम्ही नुसतं मांस खाऊन उठता, तो मात्र जेवता जेवता परत त्या जुन्या देवाच्या हाताखाली जातो कारण त्याच्यासाठी तो देव अजून खरा आहे, आणि एकदा गेला की मग येशूही एक देव आणि हाही एक देव असं होऊन बसतं. पौल त्याला फार जड शब्द वापरतो, नाश. तुझ्या ज्ञानामुळे ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा नाश होतो.

म्हणजे अडखळण ह्याची कसोटी आहे की समोरचा आपलं बघून आपल्यामागे येतोय का आणि येऊन पडतोय का. ज्याला आपलं वागणं आवडलं नाही, पण जो आपलं बघून कधीच ते करणार नाही, उलट घरी जाऊन आपल्यावर टीका करणार, तो ह्या केसमधला दुबळा नव्हे. त्याच्याशी कसं वागायचं तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यालाही उत्तर आहे, ते पुढे येईल.

आता निकाल. पौल इथे जे करतो ते मला प्रत्येक वेळी वाचताना थक्क करतं. त्याला सोपे दोन रस्ते होते. एक, सरळ बंदी. येरुशलेममध्ये प्रेषितांची बैठक झाली होती (साधारण इ.स. ४९) आणि प्रेषितांची कृत्ये १५ प्रमाणे तिथे परराष्ट्रीय (म्हणजे यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना मूर्तीला दाखवलेल्यापासून दूर राहा असं पत्रच गेलं होतं, ते दाखवून विषय संपवता आला असता. तो त्याचं नावही काढत नाही. दुसरा रस्ता म्हणजे दुबळ्यांना झापायचं, की इतके दिवस झाले अजून घाबरता कसले. तेही तो करत नाही. तो शहाण्यांना, म्हणजे पहिल्या बाजूला, म्हणतो तुमचं ज्ञान बरोबर आहे, पण ज्ञान माणसाला फुगवतं, उभारणी करते ती प्रीती. आणि मग थेट त्यांच्या हातात निर्णय देऊन म्हणतो की तुमचा हा हक्क दुबळ्यांना ठेच लागायचं कारण होऊ नये ह्याकडे बघा. हक्क आहे हे मान्य करून, आता तो वापरायचा का हे ठरव, असं. आणि स्वतःचं सांगून टाकतो की खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, की मग नवा माणूस कायम नवाच राहणार का, त्याला शिकवायचं नाही का? पण बघा, हे पत्र मंडळीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार होतं. मूर्ती काही नाही, देव एकच, पृथ्वी प्रभूची आहे, हे दुबळ्यांच्याही कानावर पडणारच होतं. शिक्षण चालूच आहे. फक्त त्याचं मन तयार व्हायच्या आत त्याच्यासमोर ताट ठेवून त्याला ढकलायचं नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट तो म्हणतो जी पटकन वाचून पुढे जाण्यासारखी नाही. भावाच्या दुबळ्या विवेकाला जखम करता तेव्हा तुम्ही ख्रिस्ताविरुद्ध पाप करता. ज्या माणसाने दमास्कसच्या वाटेवर येशूच्या तोंडून "माझा छळ का करतोस" असं ऐकलं होतं, आणि तेव्हा तो छळ करत होता साध्या विश्वासणाऱ्यांचा, त्याच्या तोंडून हे येतंय. त्याच्यासाठी हा धर्मशास्त्राचा मुद्दा नंतर झाला, आधी ते त्याच्यावर गुदरलं होतं.

नववा अध्याय मध्येच वेगळा विषय आल्यासारखा वाटतो आणि बरेच लोक तो सोडून देतात, पण तो ह्याच केसमधला पुरावा आहे. पौल म्हणतो मला हक्क आहे की मंडळीने मला पोसावं, पेत्राला आणि इतरांना मिळतं तसं. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढतो का, द्राक्षमळा लावणारा द्राक्षं खात नाही का, असं एकामागोमाग एक सांगून तो हक्क अगदी पक्का करतो, आणि मग म्हणतो मी तो वापरला नाही. करिंथच्या बड्या लोकांना हे लागलं असणार, कारण हाताने काम करणारा गुरू म्हणजे त्यांच्या दृष्टीने कमी दर्जाचा, आपल्या घरी ठेवून घेऊन मिरवता येईल असा नाही. तो सर्वांपासून मोकळा असून सर्वांचा दास झाला, असं तो स्वतःच लिहितो. मला वाटतं दुसऱ्याला हक्क सोडायला सांगायचा अधिकार त्याला इथून मिळाला. आपल्याकडे स्टेजवरून त्यागावर प्रवचन होतं आणि सांगणाऱ्याने स्वतः काय सोडलंय ते कोणालाच माहीत नसतं, तिथे हे वचन चालत नाही.

दहाव्या अध्यायात मग तो प्रत्यक्ष जागांवर येतो, आणि एकच नियम सगळीकडे लावत नाही. देवळातली पंगत, जिथे देव यजमान आहे, ती नाही, तिथे तर तो दुबळ्याचाही विषय बाजूला ठेवून म्हणतो प्रभूच्या मेजावर (म्हणजे प्रभुभोजनाला) आणि त्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही. म्हणजे शहाण्यांना वाटत होतं तेवढं ते निरुपद्रवी नव्हतंच. पण बाजारात विकलं जातं ते खुशाल घ्या, चौकशी करत बसू नका, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे, हे स्तोत्र २४ मधलं. एका यहूद्याच्या तोंडी हे किती मोठं आहे बघा, ज्याचा जन्म अन्नाची चौकशी करण्यात गेला तो म्हणतो विचारूच नका. विश्वास न ठेवणाऱ्याने घरी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढेल ते खा. पण पंगतीत कोणी म्हणालं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर थांबा, स्वतःसाठी नाही, सांगणाऱ्यासाठी. हा सांगणारा यजमान, दुसरा पाहुणा की शेजारी बसलेला दुबळा भाऊ, ह्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोणीही असला तरी एक लक्षात घ्या, पाच मिनिटांपूर्वी तेच ताट चालत होतं आणि आता नाही, मांस तेच आहे, फक्त आता त्या जेवणाला एका माणसाच्या डोळ्यात वेगळा अर्थ आलाय.

आणि लगेच पुढचं वाक्य, माझ्या मोकळिकीचा न्याय दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा? हे वाक्य लोकांना बुचकळ्यात टाकतं, कारण आत्ताच तर म्हणाला दुसऱ्यासाठी थांबा. मी ते असं वाचतो की थांबायचं ते प्रेमाने, पण म्हणून खाणं पाप होतं असं मात्र कोणी माझ्या मनावर लादू शकत नाही. ताट सरकवलं तरी आतून मी मोकळाच आहे. मी तर म्हणेन जो आतून मोकळा नाही त्याने सोडलं तर ती नुसती भीती असते, त्याला त्याग म्हणता येत नाही.

आता तो कडक माणूस ज्याचं उत्तर मी राखून ठेवलं होतं. अंत्युखिया ह्या शहरातली गोष्ट पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात आहे. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, मग येरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब ह्याच्याकडून काही कडक यहूदी माणसं आली आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसायला लागला. त्या माणसांनाही त्रास होतच होता की! आजच्या भाषेत त्यांचंही अडखळण झालं होतं. पण पौलाने पेत्राला म्हटलं का की बरं केलंस, भावाची काळजी घेतलीस? नाही, सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. कारण ह्या लोकांच्या मनाला सांभाळण्याची किंमत जे परराष्ट्रीय गरीब बिचारे नव्याने आत आले होते ते भरत होते, त्यांना सांगितलं जात होतं की तुम्ही अजून पूर्ण आमचे नाही. तीत ह्या परराष्ट्रीय सहकाऱ्याची सुंता करायचा दबाव आला तेव्हा पौल एक तसूभर हलला नाही, आणि दुसरा सहकारी तीमथ्य ह्याची मात्र त्याने स्वतः केली कारण तिथे यहूद्यांमध्ये जायचं होतं आणि दबाव नव्हता. वरवर उलटसुलट वाटतं पण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे, ह्यात मोडणारा कोण आहे. करिंथमध्ये शहाणे मोकळिकीच्या नावाने दुबळ्याला मोडत होते, अंत्युखियात नियमवाले नियमाच्या नावाने. पौल दोन्ही वेळा खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

म्हणूनच मला राग येतो जेव्हा मंडळीत सगळ्यात जास्त वजन असलेला माणूस, वीस-पंचवीस वर्षं जुना, कमिटीत बसणारा, हे वचन काढून एखाद्या नव्या पोरीला सांगतो की तुझ्या जीन्समुळे माझं अडखळण होतं. बाबा, तू दुबळा नाहीस, तिथे दुबळी ती आहे. रोमकरांस १४ मध्ये, जे पत्र पौलाने बहुधा ह्याच करिंथमध्ये बसून लिहिलं आणि किंख्रियाच्या फिबीबरोबर रोमला गेलं असं मानतात, तिथे तो दोघांनाही समज देतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दुसरं अर्धं वाक्य आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही.

करिंथकरांनी हे ऐकलं का? ह्या एका मुद्द्यावर पुढे काय झालं ते थेट कुठे लिहिलेलं नाही, पण एकूण चर्चचा कल कुठे गेला ते दिसतं. प्रकटीकरण ह्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना ह्याच खाण्यावरून झापलंय. आणि साधारण इ.स. ११२ मध्ये बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की आता बळीच्या मांसाला परत गिऱ्हाईक मिळायला लागलंय, आतापर्यंत ते क्वचितच मिळायचं. म्हणजे त्या भागातले ख्रिस्ती लोक बाजारातलं मांसही सोडून बसले होते, पौलाने दिलेली मोकळीक होती तरीसुद्धा. त्यांना दोष देणं मला जमत नाही, कारण तेव्हा देवासमोर धूप घालणं ही जगण्या-मरण्याची परीक्षा झाली होती, प्लिनी स्वतः तीच परीक्षा घेत होता. तरी काहीतरी हरवलंच, चौकशी न करता आनंदाने खाणं हरवलं.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही हे सांगायला नको. नगर, जालना, पुणे, मुंबई, कुठल्याही मराठी ख्रिस्ती घरात भाद्रपदात शेजारून मोदकांचं ताट येतंच. माझं स्वतःचं मत असं की शेजारणीने प्रेमाने पाठवलेलं घ्यावं, धन्यवाद म्हणावं, खावं, नाताळला आपल्या करंज्या-डोनट त्यांच्याकडे जाव्यात. पूजेला यजमान म्हणून बसणं, आरतीचं ताट हातात घेणं, ते वेगळं, ते मेजच दुसरं आहे आणि ते हात जोडून, मान राखून नाही म्हणता येतं, नाक मुरडून म्हणायची गरज नाही. पौलाने त्याच ठिकाणी लिहिलंय की यहूदी, ग्रीक आणि मंडळी कोणालाच ठेच लागेल असं वागू नका, म्हणजे शेजारणीचा अपमान करून आपली शुद्धता दाखवणं हेही ह्या केसमध्ये बसत नाही. पण समजा घरात एक मुलगा आलाय, मागच्या वर्षीच विश्वासात आलेला, ज्याच्या आईने देवीला सोडल्यामुळे कोप होईल म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलंय, ज्याला रात्री अजून स्वप्नं पडतात, आणि तो तुमच्या तोंडाकडे बघतोय. मग तो मोदक आज राहू दे. उद्या खा, परवा खा, त्याला काही होत नाही.

दारूचंही तेच. वसईकडे, गोव्यात लग्नात ग्लास हा आनंदाचा भाग आहे आणि पवित्र शास्त्रात द्राक्षारस पाप नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण पौल रोमकरांस १४ मध्ये मांसाबरोबर द्राक्षारसाचंही नाव घेतो, आणि आपल्या मंडळ्यांत दारूतून सुटून आलेली माणसं असतात, बायकोने दागिने विकून संसार सावरलेला असतो. त्याच्या टेबलाशी बसून "अरे एक घोट, ख्रिस्तात आपण मोकळे आहोत" म्हणणारा माणूस करिंथचा तोच ज्ञानी माणूस आहे. त्याच्यासाठी सगळ्या लग्नात बंदी करायची का? मला तसं वाटत नाही. त्या टेबलावर नको. आणि यजमानाने आधीच विचार करून त्याला कुठे बसवायचं ते बघावं, त्याला कळू न देता.

ह्यात एक मराठी घर मला नेहमी आठवतं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले. नंतर त्या त्यांच्याकडे आल्या तेव्हाही त्यांचं सोवळं-ओवळं चालू होतं, त्या आपला स्वयंपाक वेगळा करायच्या. टिळकांच्या लेखी जातीपातीचे ते नियम संपले होते, आणि नवरा म्हणून त्या काळात जबरदस्ती करायला त्यांना कोणी अडवलं नसतं. तरी त्यांनी बायकोचा सोवळा स्वयंपाक चालू दिला. लक्ष्मीबाई तेव्हा विश्वासणाऱ्या नव्हत्या म्हणून केस अगदी तीच नाही, पण ज्याला मोकळीक होती त्याने वाट बघितली, एवढं तरी सारखं आहे. पुढे अन्नातला भेद त्यांचा त्यांनीच टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

एक गोष्ट मात्र पौल कुठेच ठरवून देत नाही, ती म्हणजे किती दिवस. दुबळा भाऊ दुबळा राहायची मुदत काय? सहा महिने, पाच वर्षं? इब्री लोकांस पत्रात एका मंडळीला ऐकवलंय की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होता आणि अजून दूधच मागता, म्हणजे कधीतरी मोठं व्हायची अपेक्षा आहे हे नक्की. पण मुदत ठरवायचं काम ज्याला मोकळीक हवीय त्याच्याकडे देऊ नये असं मला वाटतं, कारण त्याला नेहमी वाटणार की झाले की आता पुरेसे दिवस. त्या मुलाला विचारा. बाजूला घेऊन, घाई न करता, की अजून भीती वाटते का रे. तो हो म्हणाला तर अजून वेळ आहे.